वार आणि गाठ

मूल आले की बाळंतीण अर्धी सुटली, वार पडली की पुरी सुटली. नारायणगडाच्या परिसरातल्या ज्या ज्या वृद्ध सुईणींशी मी बोलले, त्या सगळ्यांनी हे वेगवेगळ्या शब्दांत सांगितले. वार पडल्यावर ती परातीत पसरून पाहायची, कुठे तुकडा तुटून आत राहिला नाही ना याची खात्री करायची, मग हळद-कुंकू वाहून ती पुरायची आणि कुत्र्याने उकरू नये म्हणून वर दगड ठेवायचा. गाईम्हशींची असली तर तिला 'जार' म्हणायचे. तुकडा आत राहिला तर काय होते, असे विचारले की बहुतेकींचे उत्तर एकच असे : "रगत थांबत नाही." एकीने मात्र आणखी सांगितले. कधी कधी मूल नसतेच, नुसती वारच वाढते, द्राक्षाच्या घडासारखी. आणि ती काढली तरी एखादीच्या अंगात 'उरते'.

मी डॉक्टर नाही. पदवी वाणिज्य शाखेची. गेली काही वर्षे बीड जिल्ह्यातल्या बाळंतपणाच्या चालीरीती टिपते आहे. पण 'उरते' या एका शब्दाने मला ज्या वाटेला लावले, ती वाट बर्लिन, बाल्टिमोर आणि परळमधून जाते. वारेत तयार होणारी काही प्रथिने कर्करोगाच्या गाठीतही तयार होतात, या शोधाची ती वाट आहे. आपल्या जिल्ह्यात 'कॅन्सर होईल' या दोन शब्दांवर हजारो बायकांच्या पिशव्या गेल्या. म्हणून ही गोष्ट इथल्या वाचकांसमोर मांडावी असे वाटले.

आधी वारेचे वागणे समजून घेऊ. गर्भ राहिल्यावर आठवड्याभरात तो गर्भाशयाच्या अस्तरात रुतू लागतो. रुततात त्या वारेच्या पेशी, शास्त्रात त्यांना ट्रोफोब्लास्ट म्हणतात. या पेशी झपाट्याने वाढतात, आजूबाजूची ऊती विरघळवत आत घुसतात, आईच्या रक्तवाहिन्या फोडून त्यांना आपल्या सोयीने रुंद करतात आणि आईच्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना चकवतात. 'वार' हा शब्द झाकून हे वर्णन कोणा कर्करोगतज्ज्ञाला वाचायला दिले तर तो काय निदान करील, हे सांगायला नको. फरक एवढाच की वार ठरलेल्या खोलीवर थांबते आणि नऊ महिन्यांनी गळून पडते.

हे साम्य पहिल्यांदा ठासून मांडले ते जॉन बिअर्ड या एडिंबरोच्या गर्भविज्ञान अभ्यासकाने, १९०२ मध्ये. कर्करोग म्हणजे भलत्या जागी उगवलेली वारच, असे त्याचे म्हणणे. निरीक्षण तीक्ष्ण होते, पण त्यावरून काढलेला उपचार फसला. स्वादुपिंडाचे पाचक रस टोचून गाठी विरघळवायचा त्याचा प्रयत्न टिकला नाही. पुढे त्याच सिद्धांताच्या नावावर अमेरिकेत जर्दाळूच्या बियांतले 'लेट्रिल' विकले गेले. तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या चाचणीचा निकाल १९८२ मध्ये आला : गुण नाही, उलट सायनाइडच्या विषबाधेचा धोका. तरीही जर्दाळूच्या बियांचा संदेश आपल्या मोबाइलवर अधूनमधून येतोच. आला तर पुढे पाठवू नये.

साम्य दिसणे वेगळे आणि ते मोजता येणे वेगळे. मोजमापाची सुरुवात बर्लिनमध्ये झाली. १९२७-२८ मध्ये सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांनी गरोदर बाईची लघवी उंदराच्या लहान माद्यांना टोचली. काही दिवसांत त्यांच्या अंडाशयात बदल दिसले. गर्भ राहिला की नाही हे सांगणारी ही पहिली भरवशाची चाचणी. चमत्कारिक गोष्ट पुढेच होती. पोटात मूल नसताना, नुसता द्राक्षगर्भ असलेल्या किंवा वारेचा कर्करोग झालेल्या बायकांच्या लघवीनेही उंदीर तसेच वागत. वृषणाची विशिष्ट गाठ असलेल्या काही पुरुषांच्या लघवीनेसुद्धा! पुरुष गरोदर नव्हता हे उघड आहे. त्याच्या गाठीत वारेचे काहीतरी जागे झाले होते.

हे 'काहीतरी' मेंदूखालच्या पियुषिका ग्रंथीतून येते, असा त्या दोघांचा समज होता. तो खोडला गेला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. जॉर्ज गाय, तरुण डॉक्टर जॉर्जियाना सीगर आणि लुई हेलमन यांनी वारेच्या पेशी काचनळीत वाढवल्या आणि १९३८ मध्ये दाखवून दिले की तो संप्रेरक नळीतही तयार होतो. नळीत पियुषिका नव्हती, होती ती फक्त वार. आज आपण ज्याला एचसीजी म्हणतो ते हे प्रथिन, वारेने स्वतः बनवलेले.

जॉर्ज गायच्या याच प्रयोगशाळेत पुढे एक मराठी बाई शिकायला गेली. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, जन्म पुण्याचा, १९१७ चा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. मुलगी गेली वनस्पतिशास्त्राकडे, आणि १९४३ मध्ये पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातून एम.एस्सी. झाली. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींची आनुवंशिकी. बालाघाटच्या डोंगरात सीताफळाच्या राईत वाढलेल्या माझ्यासारखीला हे वाचून जो आनंद झाला, तो लेखाच्या विषयाला धरून नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली काम करू लागल्या. टाटा मेमोरियल उघडले १९४१ मध्ये. खानोलकर तिथले विकृतिशास्त्राचे प्रमुख. त्यांचा स्वभाव असा की सूक्ष्मदर्शकाखालची पेशी पाहताना ती कोणाच्या अंगातली, तो माणूस काय नेसतो, काय ओढतो, हेही पाहायचे. कमरेला धोतराची गाठ वर्षानुवर्षे घासून होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगावर त्यांनी १९४५ मध्ये लिहिले. १९४९ मध्ये कमलाबाईंची पीएच.डी. झाली आणि रॉकफेलर प्रतिष्ठानच्या पाठ्यवृत्तीवर त्या बाल्टिमोरला गेल्या. परतल्यावर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवण्याची कला भारतात आली ती या मार्गाने.

त्या कलेचा वारेशी संबंध आणखी एका बाजूने आहे. गाय आपल्या नळ्यांतल्या पेशींना जे खाद्य घालत, त्यात प्रसूतिगृहातून आणलेल्या नाळेच्या रक्ताचा निवळ भाग असे. त्या खाद्यावर १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी वाढल्या, आणि मग थांबल्याच नाहीत. त्या हेला पेशी आजही जगभर वाढतात. बाईला विचारले कोणी नव्हते. त्याच वर्षी ती गेली. तिला तपासणारे डॉक्टर हॉवर्ड जोन्स हे जॉर्जियाना सीगर यांचे पती. पुढे याच दांपत्याच्या प्रयत्नांतून १९८१ मध्ये अमेरिकेतले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. वार, गाठ आणि गर्भ असे एकाच घरात नांदत होते म्हणायला हरकत नाही. परळलाही तेच. १९५४ मध्ये कर्करोग संशोधन केंद्राच्याच छपराखाली गर्भनिरोधकांची चाचणी करणारा विभाग सुरू झाला आणि त्यातून १९७० मध्ये प्रजनन संशोधनाची स्वतंत्र संस्था निघाली.

आणि हेला पेशींबद्दल १९६० च्या दशकाच्या अखेरीस जे कळले ते तर नवलाचे. या पेशी वारेत आढळणारे एक विकर तयार करत होत्या : उष्णतेला दाद न देणारे अल्कलाइन फॉस्फटेज. गर्भाशयमुखाच्या पेशीला त्याची काही गरज नसते. १९६८ मध्ये विल्यम फिशमन यांना बोस्टनमध्ये हेच विकर फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका रुग्णात सापडले होते. रुग्णाच्या आडनावावरून त्याला 'रेगन' नाव पडले. त्याच दशकात मॉस्कोत अबेलेव यांना यकृताच्या गाठीत आणि माँट्रियलमध्ये गोल्ड व फ्रीडमन यांना आतड्याच्या गाठीत गर्भावस्थेतली प्रथिने सापडली होती. तिन्हीकडे एकच खूण दिसत होती.

असे का होते? आमच्याकडच्या वाचकाला हे पोथीच्या भाषेत सांगितले तर लवकर उमजेल. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत पूर्ण पोथी असते. पण कातडीची पेशी आपला अध्याय वाचते, यकृताची आपला. बाकीची पाने बांधून ठेवलेली असतात. घुसायचे कसे, रक्त ओढून घ्यायचे कसे, पहारेकऱ्याला चकवायचे कसे, हा वारेचा अध्याय नऊ महिने वाचायचा आणि मिटायचा. कर्करोगाच्या पेशीत पोथीचा दोराच तुटतो, आणि ही मिटलेली पाने पुन्हा उघडतात. गाठ नवे काही शिकत नाही, जन्माच्या वेळचे जुनेच वापरते.

चकवण्याचेच उदाहरण घ्या. बाळात अर्धे गुण बापाचे, म्हणजे आईच्या शरीराला ते परकेच. मग आईचे शरीर ते फेकून का देत नाही, हा प्रश्न पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये विचारला. उत्तराचा एक भाग १९९० च्या सुमारास मिळाला : वारेच्या पेशी एचएलए-जी नावाचे प्रथिन अंगावर मिरवतात आणि पहारेकरी पेशी ते पाहून मागे फिरतात. १९९८ मध्ये तेच प्रथिन त्वचेच्या मेलानोमा गाठीत आढळले. वारेवर असणारे दुसरे एक प्रथिन, पीडी-एल१, अनेक गाठींवरही असते. ते अडवणारी औषधे आज कर्करोगावर दिली जातात आणि त्यामागच्या संशोधनाला २०१८ चे नोबेल मिळाले.

पण सगळ्यात आधी कामाला आले ते एचसीजीच. वारेच्या पेशींचा कर्करोग, कोरिओकार्सिनोमा, हा पूर्वी काही महिन्यांत प्राण घेई. फुप्फुसात पसरे, खोकल्यातून रक्त पडे. १९५६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी अशा एका तरुण बाईला मेथोट्रेक्सेट दिले. हे औषध ज्या कुळातले, ती औषधे यल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रातल्या माणसाच्या देखरेखीखाली लेडर्ले कंपनीत तयार झाली होती. बाईची फुप्फुसे स्वच्छ झाली. गाठ दिसेनाशी झाली तरी लघवीतले एचसीजी मात्र थोडे उरले होते. ली यांनी औषध थांबवले नाही. ते शून्यावर येईपर्यंत देत राहिले. वरिष्ठांना हा अतिरेक वाटला, गाठ नसलेल्या रुग्णाला विष देणे वाटले, आणि ली यांना संस्था सोडावी लागली. नंतर कळले ते असे : ज्यांचे औषध लवकर थांबले त्यांच्यात रोग उलटला, ली यांच्या रुग्ण बऱ्या झाल्या. औषधाने पूर्ण बरा झालेला, पसरलेल्या घन गाठीचा हा पहिला कर्करोग. १९७२ मध्ये ली यांना लास्कर पुरस्काराचा वाटा मिळाला. त्या सुईणीचा 'उरते' हा शब्द मला इथे पुन्हा भेटला. डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, पण उरते, आणि त्याची साक्ष फक्त ते प्रथिन देते.

उरलेले मोजायला उंदीर-बेडूक पुरे पडेनात. एचसीजीचा अर्धा भाग शरीरातल्या दुसऱ्या संप्रेरकासारखाच असल्याने मोजमापात घोटाळा होई. १९७२ मध्ये ज्युडिथ व्हायटुकायटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या फक्त बीटा भागाला ओळखणारी रक्तचाचणी तयार केली. तिचा मोठा उपयोग अशा कर्करोगाच्या रुग्णांवर लक्ष ठेवायला झाला. तिच्याच वाटेने घरगुती गरोदर चाचणी आली. गावात आशाताईच्या पिशवीत 'निश्चय' नावाची जी पट्टी असते, मेडिकलमध्ये जी न बोलता कागदात गुंडाळून दिली जाते, तिच्यावरची दुसरी रेघ म्हणजे हेच प्रथिन.

ती रेघ सांगते की अंगात वारेच्या पेशी आहेत. बाळ आहे, असे ती सांगत नाही. द्राक्षगर्भातही ती उमटते, ठळक उमटते.

द्राक्षगर्भाबद्दल थोडे थांबून सांगितले पाहिजे. ज्या बाईला तो होतो तिच्यावर आमच्याकडे काय काय येते, हे मी ऐकले आहे. बाहेरचे लागले, कोणाची करणी, तिचेच पाप. १९७७ मध्ये काजी आणि ओहामा या जपानी संशोधकांनी पूर्ण द्राक्षगर्भाच्या गुणसूत्रांचा उलगडा केला. त्यात आईची गुणसूत्रे नसतातच. आईचे केंद्रक हरवलेल्या बीजात बापाच्या शुक्रजंतूची गुणसूत्रे दुप्पट होतात आणि नुसती वार वाढत जाते. त्याचे कारण पी-५७ या प्रथिनात काही अंशी दिसते. हे प्रथिन पेशीची वाढ रोखते, म्हणजे गाठीच्या विरुद्ध बाजूचे. त्याच्या जनुकाची आईकडून आलेली प्रतच काम करते, बापाकडची मिटलेली असते. आईचा वाटाच नाही म्हटल्यावर ब्रेक कोण लावणार? १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून विकृतिशास्त्रज्ञ काढलेल्या ऊतीवर पी-५७ चा रंग चढवून पाहू लागले. वारेच्या केसाळ भागातल्या पेशींत तो उमटला नाही तर पूर्ण द्राक्षगर्भ. दोष बापाचा असेही यातून निघत नाही, तो फलनाच्या क्षणीचा अपघात असतो. पण आईच्या माथी मारायला तर काहीच उरत नाही. हे प्रत्येक आशाताईने सासूला समजेल अशा भाषेत सांगावे, असे मला मनापासून वाटते.

पूर्ण द्राक्षगर्भ काढल्यावर शंभरातल्या साधारण पंधरा ते वीस जणींच्या अंगात वारेच्या पेशी उरतात आणि वाढू लागतात. त्या वेळेत पकडल्या तर औषधाने जवळजवळ सगळ्या बऱ्या होतात, बहुतेकींचे गर्भाशय शाबूत राहते, पुढे मूलही होते. पकडायचे साधन एकच : दर आठवड्याला एचसीजी, ते नाहीसे होईपर्यंत, आणि मग साधारण सहा महिने महिन्याला एकदा. तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत, नाहीतर रेघ कशाची हे कळणार नाही.

आता जिल्ह्याकडे येऊ. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. कारणे अनेक आहेत : अंगावरचे पांढरे, पाळीत बुडणारी मजुरी, मुकादमाची उचल, फडातली अस्वच्छता. पण मी ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या कितीतरी जणींच्या तोंडी एक वाक्य होते : "डॉक्टर म्हणाले, कॅन्सर होईल." कशावरून म्हणाले, या प्रश्नाला उत्तर नव्हते. सोनोग्राफीचा एक कागद असे, फार तर. पेशींची तपासणी नाही, तुकडा काढून पाहणे नाही.

इथे नीट बोलले पाहिजे. एचसीजीची चाचणी या बायकांच्या तक्रारीवरचे उत्तर नव्हते, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी वेगळी असते. पण तीही फार दूर नव्हती. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि लिऑनच्या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा त्याचा २००९ मधला निष्कर्ष जगाने उचलला. मांजरा ओलांडून तो आपल्याकडे यायला काय हरकत होती?

कमल रणदिवे १९६६ ते १९७० या काळात परळच्या केंद्राच्या संचालक होत्या, १९८२ मध्ये पद्मभूषण झाल्या. निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या कामात उतरल्या आणि गावातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देत राहिल्या. काचनळीतून थेट पाड्यावर, हा प्रवास आपल्याकडे फार थोड्या शास्त्रज्ञांनी केला.

आणि राहिला प्रश्न त्या सहा महिन्यांचा. वाचकांच्या हाती हा अंक पडेल तेव्हा आमच्याकडच्या गाड्या कारखान्यांच्या वाटेला लागलेल्या असतील. कोयता दसरा-दिवाळीला बाहेर पडतो तो पाडव्याच्या मागेपुढे परततो. म्हणजे द्राक्षगर्भ काढलेल्या बाईने जेवढा काळ रक्त तपासत राहायचे, नेमका तेवढाच हंगाम. ती फडात, फाइल बीडला. तिच्याजवळ असतो तो आकडे नसलेला एक चिठोरा, किंवा तोही नाही. बीटा एचसीजीची तपासणी आज कारखान्याजवळच्या तालुक्याच्या गावी खासगी प्रयोगशाळेत होऊ शकते. तिला लागतो तो मागच्या वेळचा आकडा, पुढच्या तारखा, आणि ती आकडा वाढला तर कोणाकडे जायचे ते नाव. एवढे एका वहीच्या पानावर मावते. लसीकरणाचे कार्ड बाळाबरोबर फडावर जाते, तसे हे पानही जाऊ शकते. दुसऱ्या बाजूला मुकादमासाठी एक ओळ लिहावी, की या बाईला महिन्यातून एक दिवस सुट्टी लागेल आणि त्या दिवसाचा खाडा धरू नये.